फौजदाराला कसं सांभाळायचं

४ फेब्रुवारी

भावोजी,

पोचले एकदाची. गाडी तीन तास उशिरा, बसायला धड जागा नाही, पण पोचले. लेक पलंगावर आडवी आहे. सातवा महिना, आणि डॉक्टरांनी ताकीद दिलीय की बाळंतपणापर्यंत अंथरुणातून उठायचं नाही. जावई सकाळी सातला जातात ते दिवेलागणीला येतात. म्हणजे दोन महिने तरी मी इथून हलत नाही, आणि तोवर माझ्या बावीस कोंबड्या आणि एक कोंबडा तुमच्या पदरात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. एक तर तुमचे कान. चाळीस वर्षं छापखान्यात यंत्राला खेटून प्रुफं तपासलीत, त्यात कानांची वाट लागली. मी इकडून ओरडायचं आणि तुम्ही तिकडून "काय? काय?" करायचं, नको तो तमाशा. दुसरं म्हणजे लेकीचा मोबाईल पडून फुटला, म्हणून माझा तिच्या उशाशी असतो. त्यात जे बोलेन, जे लिहीन, ते सगळं तिला कळणार. पत्र मात्र वाण्याकडे जाते म्हणून सांगून पेटीत टाकता येतं. तुमचं उत्तर आलं की वॉचमन ते माझ्याच हातात देईल, त्याला मी बजावून ठेवलंय.

आता नीट वाचा. या दोघांना वाटतं मी ते भाड्याचं घर सोडावं, कोंबड्या विकाव्यात आणि इथे पाचव्या मजल्यावर कायमचं राहावं. मायेनेच म्हणतात, पण मला ते नको आहे. शेवटी असं ठरलंय की या दोन महिन्यांत कोंबड्यांची एकही तक्रार आली नाही तर मी परत जाणार, आणि आली तर इथेच राहणार. मी हो म्हणून बसलेय. आपला घरमालक आणि जावई एका शाळेतले दोस्त, गल्लीत खुट्ट झालं की तासाभरात इथे कळतं. तेव्हा माझं घर तुमच्या हातात आहे, भावोजी.

कोंबड्यांचा काही त्रास नाही. सकाळी खुराडं उघडायचं, खाद्य-पाणी करायचं, दुपारी अंडी गोळा करायची, एक दिवसाआड बेकरीवाल्याचा माणूस ती घेऊन जातो. राहिला कोंबडा, आपला फौजदार. तापट आहे, पण मनाने वाईट नाही. माझ्यासमोर तर अगदी मांजर होतो. तीनच गोष्टी पाळा: त्याच्यापुढून पळायचं नाही, त्याला पाठ दाखवायची नाही आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर वही टांगलीय, तिच्यात हे सगळं लिहिलंय.

खाण्याची आबाळ करू नका.

वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी,

पत्र पोचलं. वही मी त्याआधीच दोनदा वाचली होती. 'खुराडं' हा शब्द तुम्ही तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिलाय. तिन्ही ठिकाणी पेन्सिलने दुरुस्ती केलीय, सवय जात नाही. बाकी मजकूर चोख आहे, फक्त तो अमलात कसा आणायचा हे कोणी सांगत नाही.

पहिल्या सकाळी काय झालं ते क्रमाने लिहितो. मी खुराडं उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या, सभ्य बायका, माझ्याकडे बघितलंही नाही. मग फौजदार आला. त्याने मान खाली घातली, गळ्याची पिसं फुलवली आणि तिरका तिरका चालत माझ्याभोवती एक फेरी मारली. मला वाटलं ओळख करून घेतोय. दुसऱ्या क्षणी तो गुडघ्याच्या उंचीवर हवेत होता.

पळायचं नाही, म्हणून मी पळालो नाही. पाठ दाखवायची नाही, म्हणून उलट्या पावलांनी दाराकडे निघालो. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, म्हणून आभाळाकडे बघत निघालो. छापखान्यात आम्हाला शिकवलं होतं, मूळ प्रतीबरहुकूम जायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. आदल्या दिवशीच्या अंड्यांची टोपली दारात ठेवलेली होती. चौदा अंडी होती. मी तिच्यात बसलो.

बेकरीवाल्याच्या माणसाला सांगितलं की कोंबड्या जागा बदलल्यामुळे रुसल्यात. तो म्हणाला, जागा कुठे बदललीय, माणूस बदललाय. हुशार आहे.

एक विचारू? तुम्ही मला सगळं दाखवलंत ते संध्याकाळी, कोंबडा-कोंबड्या दांडीवर जाऊन बसल्यावर. उजेडात का नाही दाखवलंत? सहज विचारतोय.

तुमचा दीर

१४ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र वाचून हसू की रडू असं झालं. अहो, उलटं कशाला चालायचं? आणि आभाळाकडे बघत? पाठ दाखवायची नाही म्हणजे आडवं वळून निघायचं, एवढं तरी माणसाला समजतं. लग्न केलं नाहीत ते बरं झालं, ती बिचारी दुसऱ्याच दिवशी माहेरी गेली असती.

तो तुमची परीक्षा घेतोय. त्याला कळायला हवं की इथला धनी कोण. उद्यापासून हातात खराटा घ्या. मारायचं नाही हं, नुसता त्याच्या आणि आपल्या मधे धरायचा. दोन दिवसांत ताळ्यावर येईल. संध्याकाळी दाखवलं कारण गाडीची घाई होती, दुसरं काय.

इथे लेकीच्या पायांना सूज आहे. दिवसभर छताकडे बघत पडलेली असते आणि माझ्यासाठी मनोरे बांधते. कालच जावयांना म्हणाली, आतली छोटी खोली आईची करू, तिला पिवळे पडदे आवडतात. मला कधी पिवळे पडदे आवडले? पण तिच्याकडे बघून बोलवत नाही. मी खिडकीशी उभी राहते तर समोर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या. घरी मला सकाळी पायाखाली माती लागते, भावोजी. ती नसली की माझा दिवस सुरूच होत नाही.

खराट्याचं लक्षात ठेवा.

वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

खराटा संपला. म्हणजे दांडा आहे, पुढचं काही उरलेलं नाही. तुम्ही म्हणालात मधे धरा, मी मधे धरला. खराटा पाहताच त्याला जो चेव आला तो माझ्या साध्या पायांना पाहून कधी आला नव्हता. आता मी हात हलवत गेलो तरी तो खराट्याचा राग धरून येतो.

सध्या माझी पद्धत अशी. सकाळी खुराड्याच्या दाराची कडी घराच्या खिडकीतून दोरीने ओढतो. दोरी मीच बांधली, त्याचा मला थोडा अभिमान आहे. खाद्य कुंपणावरून फेकतो. पाण्याचं भांडं बांबूने पुढे सरकवतो. अंडी मात्र खिडकीतून निघत नाहीत. त्यासाठी तो दांडीवर चढेपर्यंत थांबतो आणि मग चोरासारखा आत जातो. तोवर काही अंडी कोंबड्यांनीच फोडलेली असतात. बेकरीवाला कुरकुरतोय.

मंगळवारी एक चूक झाली. तो कोपऱ्यात धुळीत लोळत होता, म्हणून मी भर दिवसा आत शिरलो. त्याच्या पायामागचा तो काटा माझ्या चपलेच्या पट्ट्याखालून पायात गेला. जरा खरचटलंय, विशेष काही नाही. हळद लावलीय.

वहिनी, बेकरीवाला म्हणतो, रश्श्यासाठी असाच तगडा कोंबडा हवा असतो. अंड्यांना कोंबडा लागत नाही असंही म्हणतो. तुम्ही 'हो' एवढं एक अक्षर लिहून पाठवा. बाकी मी बघतो. म्हणजे मी नाही, तो बघेल.

तुमचा दीर

२४ फेब्रुवारी

भावोजी,

नाही. हे घ्या, दोन अक्षरं लिहिली.

त्याला मी अंड्यातून बाहेर येताना पाहिलंय. थंडीत तो एकटाच जगला होता, मी त्याला तळहातावर घेऊन चुलीशी बसायची. रश्श्याचं नाव पुन्हा काढू नका. आणि तो बेकरीवाला घरमालकाकडे रोज पाव टाकतो, हे तुम्हाला माहीत नाही. त्याच्यापाशी फौजदाराबद्दल बोललातच कशाला? आज तो बोलेल, उद्या घरमालक, परवा जावई. झालंच मग माझं. कोणापाशी एक शब्द काढायचा नाही. पाय कोणी बघितलाच तर पायरीवरून घसरलो म्हणा.

अंगावर आला की तांब्याभर पाणी फेका. पाण्याला तो भितो. आणि हळद-बिळद करत बसू नका, दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्या. कोपऱ्यावरचा सरकारी दवाखाना बरा आहे.

आज सकाळी लेकीच्या पोटात दुखलं, माझ्या काळजाचं पाणी झालं. डॉक्टर येऊन गेले, ठीक आहे म्हणाले. अजून पाच आठवडे. तिचे पाच आणि तुमचे पाच. कसंही करून तेवढे काढा हो.

वहिनी

२ मार्च

वहिनी,

पाण्याला तो भीत नाही. तांब्याला तर नाहीच. ओला झाल्यावर अंग झाडतो आणि पुन्हा येतो.

दवाखान्यात जाऊन आलो, सुई घेतली. पट्टी बांधणारी नर्स तिशीची असेल, भारी चौकस. विचारते, काका, कशाने लागलं? म्हटलं, पायरी. म्हणते, पायरीला खिळा होता का, भोक पडलंय. म्हटलं, असेल. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पट्टी आवळली. माझ्या साखरेमुळे जखम भरायला वेळ लागेल म्हणाली. एक दिवसाआड बोलावलंय. तीनदा गेलो, तिन्ही वेळा तिने पायरीची चौकशी केली. मला खोटं बोलायची सवय नाही, प्रत्येक वेळी पायरी थोडी बदलते.

आता दुसरं. खाद्याचा पिंप पुढे ओढला तेव्हा त्यामागे एक पोतं सापडलं. त्यात प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे होते, उभे चिरलेले, आतून चिंध्या लावलेले, वर-खाली नाड्या. मी एक पायाला लावून बघितला. नडगीवर बरोबर बसतो, पण मला आखूड पडतो. तुमच्या उंचीच्या माणसाला नेमका होईल. सोबत पिंपाचं एक झाकण होतं, त्याला मधोमध धरायला पट्टा ठोकलाय. झाकणाच्या बाहेरच्या अंगावर ओरखडे आहेत. मी मोजायला लागलो आणि चाळिसाला थांबलो.

वहिनी, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या विसंगती काढल्या. पान चारवर माणूस लंगडा आणि पान नव्वदवर धावतोय, असं. तुमच्या पत्रात फौजदार तुमच्यासमोर मांजर होतो. तुमच्या पोत्यात तसं दिसत नाही. मागच्या वर्षी तुमचं मनगट मोडलं तेव्हा तुम्ही न्हाणीघरात घसरलात असं कळवलं होतंत.

मी रागावलेलो नाही. खरं काय ते एकदा सांगा, म्हणजे मी एकटाच बावळट नाही असं तरी मला वाटेल.

तुमचा दीर

६ मार्च

भावोजी,

तुम्हाला साखर आहे? कधीपासून? मला कधी बोलला नाहीत ते? मी या म्हटलं तेव्हा का नाही सांगितलंत? एवढं मोठं लपवून ठेवायचं आणि मला पोत्यांचे जाब विचारायचे!

ते पाइप न्हाणीघराचं काम झालं तेव्हाचे उरलेले. झाकणाचं मला आठवत नाही.

पट्टी चुकवू नका. गोड खाऊ नका. पाय वर करून बसत जा. सूज आहे का, रंग कसा आहे, सगळं लिहा. कोंबड्या एखाद दिवस उपाशी राहिल्या तरी चालेल, तुम्ही आत जाऊ नका.

पण गल्लीत मात्र काही कळू देऊ नका, एवढं माझ्यासाठी करा.

वहिनी

१५ मार्च

भावोजी,

नऊ दिवस झाले, पत्र नाही. मी दिवसातून दोनदा वॉचमनला विचारते. आता मला लांबून बघूनच तो नकाराची मान हलवतो. लेकीला शंका आली, म्हणते, आई, खाली एवढ्या चकरा कसल्या? म्हटलं, पाय मोकळे करते.

फोन करावा तर तिच्या उशाशी. उचलला आणि बाहेर नेला तर विचारेल. आणि तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणजे मला शेजारी कोणाला तरी लावावा लागेल, आणि शेजारी म्हणजे घरमालक.

दोन ओळी टाका. पाय कसा आहे एवढंच लिहा, फौजदाराचं काही लिहू नका.

वहिनी

२१ मार्च

प्रिय काका,

आडवं पडून लिहितेय, अक्षर तुमच्या पसंतीला उतरणार नाही. तुम्ही हॉस्पिटलच्या वॉर्डात आहात, म्हणून तिथल्याच पत्त्यावर पाठवतेय.

घरमालकांचा फोन आला तेव्हा आम्हाला सगळं कळलं. तुम्ही कुंपणाच्या आत पडला होतात, अंगात ताप होता, पाय काळानिळा झालेला आणि तो कोंबडा तुमच्या पाठीवर उभा होता. त्यांनी काठीने त्याला हाकललं आणि तुम्हाला बाहेर ओढलं. काका, दोन बोटं गेली. घोट्यापर्यंत गेलं नाही हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले.

आईची मनगटाची गोष्ट मला तेव्हाच पटली नव्हती. काल मी तिला सरळ विचारलं, की तुझा हात पण त्यानेच मोडला ना? ती पदर हातात धरून नुसती बसून राहिली. माझी आई कधी गप्प बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. मला तिच्यावर चिडायचं होतं, पण चिडता आलं नाही.

हे परवा येऊन गेले ते तुम्हाला ग्लानीत कळलं नसेल. कोंबड्यांना गिऱ्हाईक मिळालं, सगळ्या बावीस एकदम गेल्या. घर दहा एप्रिलला रिकामं करून द्यायचं ठरलंय. तोवर घरमालक म्हणतात तुम्ही तिथेच विश्रांती घ्या, त्यांच्याकडून डबा येईल. दवाखान्याची नर्स पट्टीला घरी येईल. कोंबडा मात्र तिथेच आहे. गिऱ्हाइकाची दोन माणसं अर्धा तास त्याच्यामागे धावली, मग म्हणाली, हा आमच्या कामाचा नाही.

आई आता इथेच राहणार. तिला विचारून ठरवलं म्हणायला हवं, पण ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तुम्ही माझ्यावर रागावू नका. बाळ येतंय, ती तिकडे एकटी, एक दिवस तिलाच कोणीतरी असं ओढून बाहेर काढलं असतं. मला ती भीती घेऊन राहवत नाही.

तुमची पुतणी

२३ मार्च

भावोजी,

लेकीने तुम्हाला लिहिलंय. मी काय लिहू?

पाइप माझेच. झाकण माझंच. दोन वर्षं झाली, तो मोठा झाल्यापासून मला आत जाता येत नाही. तळहातावर वाढवला ते खरं, पण मोठा झाल्यावर त्याने ओळख ठेवली नाही. मी पण तुमच्यासारखीच तो दांडीवर चढायची वाट बघायची. म्हणूनच तुम्हाला संध्याकाळी दाखवलं. उजेडात दाखवलं असतं तर तुम्ही त्याच पावली परत गेला असता, आणि मग मला इथे यायलाच मिळालं नसतं. लेक आडवी पडलेली, मी काय करणार होते?

वहीतले ते तीन नियम मी माझ्या मनाने लिहिले. खराटा, पाणी, तेही मनानेच. खराट्याने तो माझ्यावरही चेकाळला होता, तरी तुम्हाला लिहिलं. वाटलं, पुरुष माणूस आहे, उंच आहे, जमेल. त्याला काढून टाकायचं माझ्या कितीदा मनात आलं. पोतं टाकून धरायला गेले त्या दिवशी हात मोडला. दुसऱ्या कोणाला बोलवायचं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की लगेच, बघा, म्हातारीला एक कोंबडा आवरेना, एकटी कशी राहणार. मला ते ऐकायचं नव्हतं, भावोजी. तुमच्या भावाच्या माघारी त्या अंगणात मी सहा वर्षं कोणाच्या ओंजळीने पाणी प्यायले नाही.

माझं घर राखायला तुमची दोन बोटं गेली, आणि घरही गेलं. मला माफ करा असं लिहायची पण लाज वाटते. मला तिकडे येऊन तुमचा पाय बघायचा आहे, पण लेकीचे दिवस भरत आलेत, हलता येत नाही. इथे बसून नुसती खिडकीबाहेर बघते.

मला शिव्या द्या, पण पत्र लिहा.

वहिनी

३ एप्रिल

वहिनी,

शिव्या मला धड येत नाहीत, प्रुफांत सुद्धा मी त्या जशाच्या तशा सोडायचो. आणि साखरेचं मी लपवलं होतं. खोलीत एकटा बसून कंटाळलो होतो, तुम्ही बोलावलंत तर उगाच कशाला मोडता घाला, असं वाटलं. तेव्हा हिशेब तुमच्या एकटीच्या नावावर लावून घेऊ नका. पाय बरा आहे. काठी घेऊन चालतो. पहिल्या दिवशी तोल गेला, आता जात नाही.

आज जे घडलं ते सांगायला हे पत्र. नर्स पट्टीला आली. पट्टी सोडता सोडता बाहेर फौजदार ओरडला. तिने मान वर केली. म्हणाली, कोंबडा आहे? मग माझ्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली, काका, ही पायरी का?

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आता लपवायचं कोणासाठी? ती ऐकून घेत होती, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं ही आता रडणार. पण तिला राग आला होता. म्हणाली, माझ्या आईकडे साठ कोंबड्या होत्या. असले मी शाळेत असताना धरलेत. तुम्ही चार वेळा माझ्यापुढे पाय ठेवून बसलात आणि पायरी, पायरी करत राहिलात.

हात धुतले, खुंटीवरचा माझा पंचा घेतला आणि सरळ अंगणात गेली. मी खिडकीतून बघत होतो. तो नेहमीसारखा मान खाली घालून आला. ती थांबली नाही, मागे सरली नाही, आडवी वळली नाही. सरळ त्याच्यावर चालून गेली. तो उडाला, तिने वरून पंचा टाकला, पंखांवरून दोन्ही हात दाबले आणि उचलून काखेत घेतला. डोकं मागच्या बाजूला, पाय मुठीत. संपलं. मी घड्याळ बघितलं नाही, पण दूध उतू जायला याहून जास्त वेळ लागतो.

तो गप्प झाला, वहिनी. ती त्याला तसाच धरून अंगणात फिरत राहिली, माझ्याशी बोलत. म्हणाली, रोज दहा मिनिटं असं काखेत घेऊन फिरवायचं, खाली सोडताना आपण आधी हलायचं नाही, त्याने आधी जायचं. पायामागचे काटे कानशीने घासून बोथट करायचे. पंधरा दिवसांत अंगावर यायचं सोडतो, बहुतेक सगळे सोडतात. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, एवढंच. कोणाला विचारायचंत तरी.

मग तिने तो माझ्याकडे दिला. मी घेत नव्हतो, तिने बळेच काखेत कोंबला. आत काहीच नाही हो, सगळी पिसंच. त्याचं काळीज माझ्या बरगडीला लागत होतं, भरभर, माझ्याहून जास्त. मी दहा मिनिटं फिरवला, काठी टेकत. अंगण रिकामं आहे. खुराड्याची दारं उघडी पडलीत. पाण्याची भांडी गिऱ्हाइकाने नेली. तुमची वही मी काढून ठेवलीय, पाठवू का?

दहा तारखेला घरमालक किल्ली मागणार. मी माझ्या खोलीवर परत जाईन. तिथे तिसऱ्या मजल्यावर कोंबडा ठेवू देत नाहीत, मी विचारलं. नर्सच्या घरी अंगण नाही, ती पण भाड्याने राहते. बेकरीवाला अजून टपलेलाच आहे. मी उद्या पण त्याला फिरवणार आहे, परवा पण. पंधरा दिवस मात्र माझ्याजवळ नाहीत. याचं काय करू, सांगा.

तुमचा दीर

७ एप्रिल

भावोजी,

मुलगी झाली, परवा पहाटे. दोघी सुखरूप आहेत. लेक आज पहिल्यांदा पायावर उभी राहिली, माझा खांदा धरून. बाळ रडतं तेव्हा अख्खी इमारत जागी होते, आणि जावई तिच्याकडे बघत नुसते उभे राहतात. आनंद आहे घरात. मलाही आहे, खोटं नाही सांगत.

छोट्या खोलीत पिवळे पडदे लागले. चांगले आहेत.

तुमचं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. नर्स त्याला किती झटकन धरते ते दोनदा वाचलं. ती पाच वर्षं त्या दवाखान्यात आहे. माझं मनगट बांधलं तेव्हा ताटात कापूस धरून उभी होती. मला म्हणाली होती, मावशी, न्हाणीघरात काय एवढं घसरायला होतं? मी म्हटलं, साबण.

वही पाठवू नका.

फौजदाराचं काय करायचं, मला खरंच माहीत नाही. कोणाला द्या म्हणावं तर तो धड माणसाळलेला नाही. बेकरीवाल्याला द्या असं माझ्या हाताने लिहवत नाही. आणि इथे पाचव्या मजल्यावर कोंबडा आणू का असं लेकीला विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही. या खेपेला मनाने काही सांगत नाही. दहा तारखेला जे होईल ते तुम्ही ठरवा, आणि मला कळवलं नाहीत तरी चालेल.

पायाला जपा. जोडे सैल घ्या.

वहिनी

ता. क. मला घरी यायचं होतं हो, भावोजी.